‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेले खाऊनही त्रास का झाला?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मला सिलिॲक आजाराचे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या विकाराचे, निदान झाले. घरी मी पथ्य काटेकोरपणे पाळते. गेल्या प्रवासात मात्र एका रेस्टॉरंटमध्ये मेनूकार्डवर ‘ग्लूटेन-फ्री’ अशी खूण असलेला पदार्थच मागवूनही मला दोन दिवस पोटदुखी आणि जुलाब झाले. पुढच्या महिन्यात बारा दिवसांच्या प्रवासाला निघायचे आहे. या वेळी काय काळजी घेऊ? वेटरला फार खोदून विचारायचा मला संकोच वाटतो.

उत्तर : तुमचे चुकले असे मी म्हणणार नाही. मेनूकार्ड तुम्ही नीट वाचलेत, पण तो पदार्थ कोणत्या भांड्यात, कोणत्या तेलात आणि कोणत्या झाऱ्याने तयार झाला हे कार्डावर लिहिलेले नसते. फ्रेंच फ्राइजचेच पाहा. बटाट्यात ग्लूटेन नाही, तेलात नाही आणि मिठातही नाही. परंतु त्याच तेलात थोड्या वेळापूर्वी मैद्याच्या पिठात बुडवलेले किंवा ब्रेडचा चुरा लावलेले काही तळले असेल, तर त्याचे कण तेलात तरंगत राहतात, आणि तळणीच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होत नाही. तीच गोष्ट पास्ता उकळलेल्या पाण्याची, सामाईक टोस्टरची आणि पीठ भुरभुरलेल्या ओट्याची.

इतक्याशा कणांनी काय होते, असे बरोबरची मंडळी हमखास विचारतात, म्हणून हिशेबच मांडतो. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लूटेन सोसते असे मानले जाते, तर रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेल्यास काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे अभ्यासात आढळले आहे. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग, अर्थात टेबलावरून आपण सहज झटकून टाकतो तेवढा चुरा, दिवसभराची मर्यादा संपवायला पुरेसा ठरतो. सॅलडवरचे ब्रेडचे तुकडे वेटरने चिमट्याने उचलून तीच प्लेट पुन्हा समोर ठेवली, तर ती का परत करायची, हे यावरून लक्षात येईल. नवी प्लेट आणल्याचे सांगितले, तरी सॅलडच्या तळाशी एखादा तुकडा राहिलेला नाही ना, हे मी तरी चमच्याने बाजूला सारून पाहीन.

वेटरला काय विचारायचे, यापेक्षा कसे विचारायचे याला अधिक महत्त्व आहे. ‘हे ग्लूटेन-फ्री आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. त्याऐवजी ‘हे कोणत्या तेलात तळता आणि त्यात आणखी काय तळले जाते?’, ‘सॉस कशाने दाट करता?’, ‘सोया सॉस वापरता का, आणि त्यात गहू आहे का?’ असे विचारावे. ज्याला स्वयंपाकघराची माहिती आहे तो नेमके सांगतो, ज्याला नाही तो आत जाऊन विचारून येतो, आणि जो दोन्ही न करता हसून ‘काळजी करू नका’ म्हणतो, त्याच्याकडे साधी उकडलेली अंडी आणि न सोललेले फळ याखेरीज काही मागवू नये. नुसते ‘गहू चालत नाही’ एवढेही सांगू नका. बार्ली आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांतही ग्लूटेन असते, आणि बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) तर व्हिनेगरपासून न्याहारीच्या सीरिअलपर्यंत कुठेही सापडते. ओट्समध्ये दळताना किंवा वाहतुकीत गहू मिसळलेला असू शकतो, त्यामुळे ग्लूटेन-फ्री म्हणून प्रमाणित नसलेले ओट्स टाळावेत.

जिथे भाषा येत नाही तिथे ही सगळी माहिती स्थानिक भाषेत छापलेले कार्ड जवळ ठेवावे आणि ते वेटरमार्फत थेट स्वयंपाक्याच्या हाती द्यावे. भांडी, चाकू आणि तेल वेगळे हवे, ही ओळ त्यात असलीच पाहिजे. घाईगडबडीत केलेल्या यांत्रिक भाषांतरात नेमकी तीच बिघडते, म्हणून ती भाषा जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी. जेवणाची वेळ गर्दीच्या आधीची ठेवल्यास स्वयंपाक्याला तवा घासायला सवड मिळते. चौकशीसाठी रेस्टॉरंटला आधी फोन करायचा असेल, तर तोही दुपारच्या निवांत वेळी करावा.

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो. अनेक देशांत, अमेरिका आणि युरोपीय संघातही, ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, तर ऑस्ट्रेलियाचा नियम याहून कडक आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यांत ग्लूटेनयुक्त धान्ये येतात. मात्र ही माहिती कृतीत मुद्दाम घातलेल्या घटकांपुरती असते, तव्यावर चुकून लागलेल्या पिठाबद्दल ती काहीच सांगत नाही. विमानात ‘जीएफएमएल’ (ग्लूटेन-फ्री मील) हा संकेत असलेले जेवण आगाऊ नोंदवावे लागते. ते नोंदवूनही एका वेळचा कोरडा खाऊ पिशवीत असू द्यावा, कारण त्या ट्रेबरोबर कधी कधी साधा पावही येतो.

संकोचाविषयी एवढेच सांगतो, की प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात आणि तुमचे मागच्या खेपेला दोन दिवस गेले.

प्रश्न : माझ्या मुलाला सिलिॲक आहे, पण चुकून काही खाल्ले तरी त्याला त्रास होत नाही. प्रवासापुरती ग्लूटेन पचवणाऱ्या एन्झाइमची गोळी देऊन सूट दिली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. त्रास जाणवत नसला तरी लहान आतड्यातील अंकुरांना, म्हणजे अन्न शोषून घेणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांना, इजा होऊ शकते, आणि ती रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीत किंवा एंडोस्कोपीत पुढे कधीतरी उघड होते. या गोळ्या पोटातील ग्लूटेनचा काही भागच तोडतात. पथ्याऐवजी त्या देता येत नाहीत. त्याचे डॉक्टर ज्या अंतराने रक्ततपासणी सांगतात, ती मुलाला लक्षणे नाहीत म्हणून प्रवासाहून आल्यावरही टाळू नका.