दहा वर्षं परराष्ट्र सेवा, मग कंपनी?

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. यूपीएससीचा अभ्यास करतेय आणि परराष्ट्र सेवा हीच पहिली पसंती आहे. बाबा म्हणतात, ‘दहा वर्षं कर, ओळखी वाढव, मग मोठ्या कंपनीत जा. जयशंकर नाही का टाटांकडे गेले?’ असं खरंच होतं का? आणि सरकारी अधिकाऱ्यानं असं लगेच खासगी कंपनीत जाणं नियमात बसतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जयशंकर टाटांकडे गेले हे खरं, पण कधी गेले ते बाबांना सांग. 1977 मध्ये ते सेवेत आले आणि टाटा सन्समध्ये गेले 2018 च्या एप्रिलमध्ये. मधल्या चाळीस वर्षांत सुरुवातीला मॉस्को, मग श्रीलंकेत आपल्या शांतिसेनेचे राजकीय सल्लागार, बुडापेस्ट, टोकियो, प्राग, सिंगापूर, बीजिंग, वॉशिंग्टन आणि शेवटी परराष्ट्र सचिवपद. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वाटाघाटींतही ते होते. बाबांच्या हिशेबातल्या दहाव्या वर्षी ते वॉशिंग्टनच्या दूतावासात फर्स्ट सेक्रेटरी, म्हणजे मधल्या फळीतले अधिकारी होते.

आता टाटांना त्यांची गरज का पडली ते बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच आहे. 2018 च्याच मार्चमध्ये ट्रम्प यांनी आयात पोलादावर 25 टक्के शुल्क लावलं, आणि टाटा स्टीलचे मोठे कारखाने वेल्स आणि नेदरलँड्समध्ये. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायच्या तयारीत, आणि टाटांच्याच जग्वार लँड रोव्हरचे सुटे भाग रोज युरोपातून इंग्लिश खाडी ओलांडून येणार. शिवाय टीसीएसच्या माणसांचा अमेरिकन व्हिसा. यातलं काहीच कारखान्यात सुटणारं नव्हतं. सगळे निर्णय कुठल्या ना कुठल्या सरकारच्या टेबलावर होते. जयशंकरांना पद मिळालं ते ‘ग्लोबल कॉर्पोरेट अफेअर्स’च्या प्रेसिडेंटचं. टाटा सन्सची परदेशातली कार्यालयं त्यांच्या हाताखाली आणि ते थेट अध्यक्ष चंद्रशेखरन यांना उत्तरदायी. विक्रीशी त्यांचा संबंध नव्हता.

बाबांचा सगळा भर ओळखींवर आहे. ते मला अजिबात पटत नाही. बदली झाली की ओळखी शिळ्या होतात आणि समोरच्या देशात निवडणूक झाली की संपतातच. टिकतं ते दुसरंच. मी कोल्हापुरात एका पंप कारखान्याच्या निर्यात विभागात उभी हयात काढली. एकदा पूर्व आफ्रिकेतल्या एका सरकारी टेंडरचा माल तयार होता. निळे पंप लाकडी खोक्यांत भरून, वर बंदराचं नाव रंगवून आवारात रचले होते. तिथल्या आपल्या दूतावासातल्या वाणिज्य विभागाच्या तरुण अधिकाऱ्याचं अर्ध्या पानाचं पत्र आलं : टेंडर खरं आहे, पण यंदाच्या अंदाजपत्रकात त्या खात्याला पैसेच ठेवलेले नाहीत, एलसी (पैसे मिळण्याची बँकेची हमी) उघडल्याशिवाय माल हलवू नका. आम्ही थांबलो. त्या वर्षी एलसी उघडली नाही, पण माल आमच्या आवारातच सुरक्षित राहिला. त्या मुलाची तिथल्या मंत्र्याशी काडीची ओळख नव्हती. त्यानं अंदाजपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं आणि जे दिसलं ते सरळ शब्दांत कळवलं होतं. कंपन्या मोल देतात ते या सवयीला, आणि ती मुरायला वर्षं लागतात.

आणखी एक. मे 2019 मध्ये जयशंकर परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे टाटांकडे ते जेमतेम वर्षभर होते. धंद्यातल्या कारकिर्दीचा दाखला म्हणून ते उदाहरण मला अपुरं वाटतं. मीरा शंकर या अमेरिकेत आपल्या राजदूत होत्या. निवृत्तीनंतर त्या आयटीसी आणि पिडिलाइट या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर गेल्या. निरुपमा राव परराष्ट्र सचिव होत्या, त्याही आयटीसीवर. बहुतेकांची वाट ही अशी असते : निवृत्तीनंतर संचालक मंडळावरची खुर्ची. रोजची नोकरी क्वचितच.

नियमाचं म्हणशील, तर निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी लागते. जयशंकर जानेवारीअखेर निवृत्त झाले आणि तीन महिन्यांच्या आत टाटांकडे गेले, ते सरकारनं सूट दिली म्हणून. म्हणजे नियमात बसलं. तरी माझं मत विचारशील तर हे एक वर्ष कसोशीनं पाळलं जावं आणि सूट दिलीच तर तिचं कारण जाहीर व्हावं. कालपर्यंत देशाच्या बाजूनं वाटाघाटी करणाऱ्याला सरकार कुठवर मागं सरकेल हे माहीत असतं. ती माहिती कुणा एका कंपनीची नव्हे.

तू मात्र जा, आणि सेवेसाठीच जा. पुढंमागं वाणिज्य विभागातली नेमणूक पदरात पडेल असं बघ. बरेच जण राजकीय कामाच्या मागं असतात. आयातदारांच्या याद्या, प्रदर्शनातले स्टॉल, अडकलेल्या पैशांच्या तक्रारी असलं काम त्यांना दुय्यम वाटतं. पण इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा कोल्हापूरचा फाउंड्रीवाला परदेशात अडला की पहिलं पत्र त्याच टेबलावर येतं. तू तर मेकॅनिकलची. कास्टिंग (ओतीव भाग) नाकारलं अशी तक्रार आली, तर सोबतचं ड्रॉइंग तुला स्वतःला वाचता येईल.