वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या विमानाला परवाना कसा मिळतो?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझे ट्रॅक्टर-दुरुस्तीचे व वेल्डिंगचे दुकान आहे. तीन वर्षांपासून मी दोन आसनी हलके विमान बांधत असून दिवाळीपर्यंत पंखांवर कापड चढवणार आहे. विमान पूर्ण झाल्यावर उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज कोठे करावा? कपाशी निघाल्यावर आमच्याच शेतात चाचणी घेता येईल काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कापड चढवण्याचे काम आधी थांबवावे. अर्ज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, करावयाचा असतो. परंतु तो विमान पूर्ण झाल्यावर करण्याची गोष्ट आहे ही आपली समजूतच अडचणीची ठरेल, कारण कापडाखाली गेलेला सांधा तपासनिसाला पुन्हा दिसत नाही. आतापर्यंतच्या कामाची तारीखवार वही, छायाचित्रे, आराखडे आणि प्रत्येक नळीच्या व बोल्टच्या खरेदीची कागदपत्रे घेऊन आताच पत्रव्यवहार सुरू करावा.

वेल्डिंगमध्ये आपला हात बसलेला असेल, यात शंका नाही. तरीही सांगाड्याला बाजारातला साधा पाइप लावला आहे की प्रमाणित क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी, हे रंग दिल्यावर कोणालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तेथे दाखलाच बोलतो. विमानाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर बहुधा फुलीसारखी खूण असते, पण तेवढ्यावर न विसंबता त्याचाही दाखला जपावा.

नोंदणी व उड्डाणयोग्यता या दोन वेगळ्या बाबी आहेत. नोंदणीने ‘व्हीटी’ने सुरू होणारे चिन्ह मिळते, उडण्याची मुभा मिळत नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना मात्र २०१९ मध्ये हाती आला. कारखान्यातील विमानाच्या नमुन्याला आधीच मान्यता असते. आपल्या विमानाला ती नसल्याने नेहमीचे प्रमाणपत्र नव्हे, तर अटींसह दिला जाणारा परवाना मागावा लागेल.

वजनाचे काम आपल्या दुकानातही समजून घेता येईल. विमान समतल करून प्रत्येक चाकाखाली काटा ठेवावा. समजा, पुढील दोन चाकांवर मिळून २२८ किलो व शेपटीच्या चाकावर १२ किलो भरले, आणि ही चाके पंखाच्या पुढच्या कडेपासून अनुक्रमे १५ व ४१५ सेंटिमीटर मागे आहेत. तर वजन व अंतर यांच्या दोन्ही गुणाकारांची बेरीज ८,४०० येते, तिला एकूण वजनाने, म्हणजे २४० ने, भागले की गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, ३५ सेंटिमीटरवर निघतो. वैमानिक, सहप्रवासी व इंधन धरून हाच हिशेब पुन्हा करावा. गुरुत्वमध्य मर्यादेपेक्षा मागे गेला तर नाक आवरणे कठीण होते, मग इंजिन कितीही चांगले असो.

शेतातील चाचणीबद्दल उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. परवान्याशिवाय उड्डाण बेकायदेशीर आहे, आणि पऱ्हाटी उपटलेले भेगाळ काळे रान हलक्या विमानाच्या चाकांना सोसत नाही. जमिनीवर नुसते इंजिन फिरवणेही निर्धोक समजू नये : आपल्याच जिल्ह्यातील फुलसावंगीत २०२१ मध्ये एका तरुण कारागिराने स्वतः घडवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटले आणि त्यातच त्याचा जीव गेला. इंजिन फिरवताना विमान दोराने पक्के बांधावे, चाकांना ओट द्यावी आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही, विशेषतः बघ्या पोरांना, उभे राहू देऊ नये.