ब्रेकचे बोल्ट परत वापरायचे की नवे घ्यायचे?

मित्रा, सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाहीये, आधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघ. त्यात नवाच बोल्ट लावा असं लिहिलं असेल तर विषय संपला, कारण काही बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत, युरोपियन गाड्यांमध्ये हे जास्त बघायला मिळतं.

मॅन्युअलने परत वापरायला परवानगी दिली असेल तर बोल्ट वायर ब्रशने साफ कर आणि आटे नीट बघ. आटे झिजलेत, बोल्ट वाकलाय, गंजाने खड्डे पडलेत किंवा डोकं गोल झालंय तर फेकून दे, कोकणातल्या गाड्यांना तर गंज हमखास लागतो. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्टवर कंपनीचं सुकलेलं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) असेल तर ते काढून मॅन्युअल सांगेल तेच नवीन लाव. ग्रीस फक्त स्लाइड पिनला (ज्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो), तेही ब्रेकसाठीचंच, आट्यांना नको, नाहीतर टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) योग्य आकडा दाखवेल पण बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जाईल.

ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) सोडलास तर बँजो बोल्टचे (ही नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही वॉशर नवे टाक, इथे कंजुषी नको, जुन्यातून ऑइल झिरपतं.

आणि हो, हार्डवेअरच्या दुकानातून मापाचा बोल्ट आणून ठोकू नकोस. डोक्यावर १०.९ असा ग्रेड (बोल्टच्या ताकदीचा आकडा) असेल तिथे कमी ताकदीचा ८.८ चालत नाही आणि ग्रेड जुळला तरी लांबी, खांदा (बोल्टचा बिनआट्यांचा भाग) वेगळा असू शकतो, त्यापेक्षा पार्ट नंबर देऊन ओरिजिनल मागव.