फेडरेशन चषकाचा हिशेब

प्रश्न : भारतीय फुटबॉलच्या फेडरेशन चषकाच्या विजेत्या क्लबांची यादी करतो आहे. जेतेपदांची बेरीज 40 येते, पण स्पर्धा तर 38 वेळाच झाली. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : कुठेच नाही. 1978 आणि 1980 च्या अंतिम सामन्यांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची बरोबरी झाली आणि दोघांनाही संयुक्त विजेते ठरवलं गेलं. म्हणून दोन जेतेपदं जास्त दिसतात. आपली यादी या आकड्यांशी ताडून पाहा : मोहन बागान 14, ईस्ट बंगाल 8, साळगावकर 4, मोहमेडन स्पोर्टिंग, केरळ पोलीस, जेसीटी, महिंद्रा युनायटेड आणि बंगळुरू एफसी प्रत्येकी 2, आयटीआय (1977 चा पहिला विजेता, बंगळूरचा संघ), बीएसएफ, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स प्रत्येकी 1.

यादी बिघडते ती बहुधा सालांमुळे. 1995 आणि 1995-96 या दोन वेगळ्या स्पर्धा होत्या. दोन्ही जेसीटीने जिंकल्या, त्यामुळे एकच नोंद दोनदा झाली असं समजून लोक एक खोडून टाकतात. 2013-14 ची स्पर्धा जानेवारी 2014 मध्ये झाली, म्हणून चर्चिलचं जेतेपद कुठे 2013 खाली, तर कुठे 2014 खाली सापडतं. कॅलेंडरचं साल न लावता मोसम लिहा, घोळ मिटेल.

प्रश्न : संतोष ट्रॉफी, रोव्हर्स, ड्युरँड असताना या चषकाची गरज काय होती?

उत्तर : संतोष ट्रॉफी राज्यांच्या संघांची, तर रोव्हर्स आणि ड्युरँड निमंत्रितांच्या स्पर्धा. देशातला सर्वोत्तम क्लब कोणता, हे राष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत ठरायची सोय 1977 पर्यंत नव्हती. राष्ट्रीय लीग तर 1996 मध्ये आली. मधली वीस वर्षं हा मान फेडरेशन चषकाचाच होता, आणि म्हणूनच त्याला ‘फक्त बाद फेरीची स्पर्धा’ म्हणून कमी लेखणं आम्हाला पटत नाही. शिवाय बऱ्याच वर्षी आधी गटसाखळी असे, बाद फेरी उपांत्य सामन्यापासून.

सर्वांत गाजलेला सामनाही अंतिम नव्हता. 13 जुलै 1997, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, उपांत्य सामना : सुमारे 1 लाख 31 हजार प्रेक्षकांसमोर ईस्ट बंगालने मोहन बागानला 4-1 हरवलं, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. चषक मात्र गोव्याला गेला. अंतिम सामन्यात साळगावकरने ईस्ट बंगालला 2-1 नमवलं. मुंबईच्या वाट्याला तो 2003 आणि 2005 मध्ये आला, महिंद्रा युनायटेडमुळे. 2010 मध्ये तो क्लबच बंद झाला.

प्रश्न : सुपर कप म्हणजे याचंच नवं नाव का?

उत्तर : नाही. फेडरेशन चषकात इंडियन सुपर लीगचे क्लब नसत. आय-लीग आणि इंडियन सुपर लीग या दोन्ही लीगचे संघ एकत्र आणण्यासाठी महासंघाने 2018 मध्ये सुपर कप सुरू केला आणि जुना चषक थांबवला. शेवटचा अंतिम सामना 21 मे 2017 रोजी कटकला झाला. बंगळुरूने मोहन बागानला जादा वेळेत 2-0 हरवलं, दोन्ही गोल सी. के. विनीतचे. 2018 चा पहिला सुपर कपही बंगळुरूनेच जिंकला, पण तो तुमच्या यादीत त्यांच्या 2 मध्ये मिळवू नका.