मखमलीवर ठसा उमटवून फोटोफ्रेम घरी मढवता येते का? नक्षी का पुसट होते?

तुमचा प्रश्न असा: 8×10 फोटोची सपाट लाकडी फ्रेम ठसा उमटवलेल्या मखमलीने मढवलीत, पण दोन दिवसांत नक्षी पुसट झाली आणि आतल्या कोपऱ्यांत लाकूड दिसू लागलं. घरी नक्की जमतं. नक्षी जाते ती बहुतेक वेळा कापडामुळे, आणि कापड बरोबर असेल तर गोंदातल्या पाण्यामुळे.

आधी कापड. कोल्हापुरात महाद्वार रोडवर मखमल मागितली की बऱ्याचदा पॉलिएस्टरची पुढे येते. तिची लव, म्हणजे वरचे उभे मऊ तंतू, इस्त्रीने नीट दबत नाही, आणि उष्णता वाढवली तर वितळून चकाकते. रेयॉनची लव असलेलीच मखमल घ्या. ओळखायला कडेची चिमूटभर लव चिमट्यात धरून जाळा. जळक्या कागदासारखा वास आला आणि बोटाने चुरडणारी राख राहिली तर रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर ते कापड परत द्या. रंग गडद असू द्या: वांगी, मरून, मोरपंखी. दबलेला भाग चमकतो म्हणून नक्षी दिसते, आणि फिक्या रंगावर ती चमक उठत नाही. अर्धा मीटर पुरे, त्यात चाचणीलाही तुकडा उरतो.

ठसा खोल कोरलेला, जाड रेषांचा हवा. कापडछपाईचा लाकडी ठसा चालतो. रबरी शिक्का करून घेणार असाल तर लेझरने कोरलेला रबर मागा. पारदर्शक पॉलिमरचा ठसा इस्त्रीखाली वितळतो. कोल्हापुरी साजातला चंद्र, मासा, बेलपान असे ठसठशीत आकार यासाठी फार छान, कारण बारीक रेषा लवेत हरवतात. अक्षरं असतील तर नेहमीच्या शिक्क्यासारखी उलटीच कोरलेली हवीत.

ठसा तोंड वर करून टेबलावर ठेवा. मखमल लवेची बाजू खाली करून त्यावर पसरा आणि पाठीवर पाण्याचा हलका फवारा मारा. कापड दमट हवं, ओलं नको. इस्त्री वूल आणि कॉटनच्या मध्ये, वाफ पूर्ण बंद. सरळ खाली टेकवा, 15 ते 20 सेकंद दाबून धरा आणि सरळच उचला. घासलीत की नक्षी दुहेरी उमटते. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि त्यांचे गोल ठिपके कापडावर उठतात, म्हणून साधी सपाट तळाची इस्त्री वापरा. कापड गार झाल्यावरच ठशावरून काढा.

आता माप. फ्रेमची लाकडी पट्टी 2 इंच रुंद असेल तर फ्रेम बाहेरून साधारण 11.5×13.5 इंच भरते. कडा आणि मागची घडी धरून कापड 16×18 कापा. कापडाच्या चार पट्ट्या जोडण्यापेक्षा मी अखंड तुकडाच सुचवेन; पट्ट्यांत लवेची दिशा बदलते आणि एकाच थानातलं कापड असूनही चार वेगळे रंग वाटतात. फ्रेमची कड कापडाच्या पाठीवर खडूने आखून घ्या आणि ठसे त्या आत, घडीपासून दूर उमटवा.

समोरच्या पट्टीवर गोंद अजिबात लावू नका. फेव्हिकॉलचं पाणी पाठीतून लवेपर्यंत पोचतं आणि दबलेली लव परत उभी राहते. कापड समोर नुसतं ताणून बसवायचं; बाहेरच्या कडेला, मागे आणि आत काचेच्या खाचेत तेवढा ब्रशने पातळ थर द्यायचा. 3-4 मिनिटं थांबून तो चिकट झाला की कापड वळवून दाबा.

आतली खिडकी साधारण 7.5×9.5 इंच असते. कापडाच्या मधून 5.5×7.5 चा चौकोन कापून काढा, म्हणजे चहूबाजूंनी एक इंच उरेल. चारही कोपऱ्यांत तिरका काप द्या, पण लाकडाच्या कोपऱ्याच्या 2 मि.मी. अलीकडे थांबा. कोपऱ्यापर्यंत कापलं की ताणताना चीर पुढे जाते आणि लाकूड उघडं पडतं, तुमचं तेच झालं असावं. शिवाय मढवण्याआधीच आतल्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या रंगाचा पोस्टर कलर लावून वाळू द्या, म्हणजे केसभर फट राहिली तरी डोळ्यांत येत नाही. कापडामुळे खाच अरुंद होते. काच लांबी-रुंदीला 3 मि.मी. कमी कापून घ्या, नाहीतर जोर लावताना ती तडकेल.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने कधीच नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंती दमट होतात, म्हणून मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहील.