आजोबांच्या रेकॉर्ड्सची कव्हरं कसरीने खाल्ली आहेत. घरच्या घरी पुठ्ठ्याची नवी बनवता येतील का?

येतील की. सामानही फार लागत नाही. माझी पहिली पाच मात्र थेट रद्दीत गेली, ती का गेली ते आधी सांगतो.

बारा इंची रेकॉर्ड म्हणून मी सरळ १२ इंचांचं माप धरलं. खरं तर पट्टी लावून पाहिलीत तर एलपी पूर्ण १२ इंच भरतच नाही, व्यास साधारण ३०.२ सेंमी येतो. त्यामुळे नुसती रेकॉर्ड माझ्या कव्हरात झोकात गेली. आतल्या पिशवीसकट घालायला गेलो तर अर्ध्यावर अडकली आणि ओढताना कडा उकलली. तेव्हा कव्हर ३१.५ सेंमी चौरस धरा. सैल वाटेल, वाटू दे.

कागदाच्या दुकानात ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) क्राफ्ट किंवा डुप्लेक्स बोर्ड मागा. २२ × २८ इंचांच्या एका शीटमध्ये एक एलपी बसते: पुढचं पान, ३ मिमी पाठ आणि मागचं पान मिळून ६३.३ सेंमी. उरलेल्या लांब पट्टीत ७ इंची ईपीचं, म्हणजे छोट्या रेकॉर्डचं, कव्हर निघतं, ती फेकू नका. वहीचा असतो तसला जाड, करडा पुठ्ठा घेऊ नका, तो घडीवर फुटतो.

पुढच्या पानाला वर आणि खाली दीड सेंमीच्या पट्ट्या ठेवा आणि त्या मागच्या पानावर बाहेरून चिकटवा. साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश एलपींची कव्हरं अशीच असायची. दिसायला जरा ओबडधोबड, पण गोंद बाहेर राहतो. पट्टी आत चिकटवली आणि गोंदाचा एक थेंब जरी ओघळला, तरी पिशवी तिथेच धरून बसते. मागचं पान उंचीला एक-दोन मिमी कमी कापा, म्हणजे घडीत अडत नाही.

घडी घालण्याआधी स्टीलच्या पट्टीच्या कडेने शाई संपलेलं बॉलपेन दोन-तीनदा दाबून ओढा. हा टप्पा गाळलात तर पाठीवर पांढऱ्या भेगा पडतात. फेव्हिकॉल बोटाने अगदी पातळ लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा कामी येतो.

खळीचा मोह टाळा. बायंडर लोक ती वापरतात, पण कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, घरात लहान मुलं असतील तर नकोच. आणि नुसती कणकेची खळ म्हणजे कसरीला पंगतीचं आमंत्रण. तुमच्या आजोबांच्या कव्हरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

रेकॉर्ड नुसती पुठ्ठ्यात सरकवू नका, घासून ओरखडे पडतात. आत पॉलिप्रॉपिलिनची किंवा अस्तराची कागदी पिशवी हवी. मऊ पीव्हीसीची पिशवी नको, काही वर्षांनी ती रेकॉर्डवर धुरकट डाग सोडते. कपाटात रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकून नकोत.

खाल्लेली जुनी कव्हरं लगेच टाकू नका. कुठे दुकानाचा शिक्का असतो, कुठे कोपऱ्यात आजोबांनी तारीख लिहिलेली असते. तेवढा तुकडा कापून नव्या कव्हराच्या मागे डकवा.

संग्रहात ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्या वेगळ्या काढा. जड असतात आणि हातातून निसटली की संपलीच. १० इंची तबकडीला २६.५ सेंमीचं कव्हर पुरतं, पण पुठ्ठा थोडा जाड घ्या. नाव दिसावं म्हणून मध्ये गोल भोक पाडतात, ते साधारण ९ सेंमीचं. कंपास नसला तर स्वयंपाकघरात शोधा. आमच्याकडे आमटीची वाटी बरोबर बसली.