यूकेतल्या छोट्या लिमिटेड कंपनीत स्टाफ पार्टीचा खर्च कंपनीतून टाकता येतो का?

तुमची परिस्थिती अशी: कंपनीचे एकमेव संचालक तुम्ही, पत्नी पार्ट-टाइम पगारावर, शिवाय दोन कर्मचारी. डिसेंबरात सगळ्यांना जोडीदारांसह जेवायला न्यायचं आहे आणि खर्च कंपनीने करावा असा विचार आहे.

करता येतो. फक्त इथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत: कंपनीला कॉर्पोरेशन टॅक्समध्ये, म्हणजे नफ्यावरच्या करात, वजावट मिळते का, जेवायला आलेल्या कर्मचाऱ्यांना कर लागतो का, आणि व्हॅट परत मिळतो का. बहुतेक चुका या तिन्हींची सरमिसळ केल्याने होतात.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. कर्मचाऱ्यांच्या पार्टीचा खर्च हा धंद्याचा खर्च, आणि तो नफ्यातून वजा होतो. जोडीदार सोबत आले म्हणून ही वजावट जात नाही, कारण पार्टी मुळात स्टाफसाठी आहे. वजावटीला माणशी रकमेची मर्यादाही नाही.

ज्या १५० पौंडांबद्दल सगळे बोलतात ते दुसऱ्या प्रश्नातले. कर्मचाऱ्याला कंपनीने फुकट जेवू घातलं तर तो एरवी करपात्र लाभ ठरतो. वार्षिक पार्टीला त्यातून सवलत आहे, आणि तिच्या अटी तीन. कार्यक्रम दरवर्षी होणारा हवा, म्हणजे नाताळचं जेवण चालेल, पण कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून एकदाच दिलेली मेजवानी चालणार नाही. तो सगळ्या कर्मचाऱ्यांना खुला हवा. दोघा कर्मचाऱ्यांना न बोलावता तुम्ही आणि पत्नी जेवून आलात तर सवलत मिळत नाही. आणि माणशी खर्च व्हॅटसकट १५० पौंडांपेक्षा जास्त नको. एप्रिल २००३ पासून हाच आकडा आहे, त्याआधी तो ७५ होता.

हा भत्ता आहे असं अनेकांना वाटतं. माणशी ४० पौंडांचं जेवण केलं आणि हिशोबात १५० टाकले, असं करता येत नाही. जे खरोखर खर्च झालं तेवढंच. उलट बाजूने तर नियम आणखी कडक आहे: मर्यादा ओलांडली की वरचा तुकडा नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते.

तुमच्याच उदाहरणावर हिशोब करून बघा. तुम्ही दोघं, दोन कर्मचारी आणि त्यांचे दोन जोडीदार, म्हणजे सहा माणसं. हॉटेलचं बिल व्हॅटसकट ८४० पौंड. भागिले सहा, माणशी १४०. भागाकारात पाहुणेही धरायचे असतात, त्यामुळे तुम्ही मर्यादेत आहात. आता रात्री सगळ्यांना घरी सोडायला कंपनीने ७२ पौंडांच्या टॅक्सी केल्या. प्रवास आणि मुक्काम हे पार्टीच्याच खर्चात मोजतात. एकूण ९१२, माणशी १५२. दोन पौंडांनी मर्यादा ओलांडली, आणि ९१२ च्या ९१२ पौंड करपात्र झाले. जोडीदार घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर ३०४ पौंडांचा लाभ लागतो. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याला ६०.८० पौंड कर. शिवाय कंपनीला पूर्ण रकमेवर १५ टक्के क्लास १ए नॅशनल इन्शुरन्स (अशा लाभांवर मालकाने सरकारला भरायची रक्कम), म्हणजे १३६.८० पौंड. टॅक्सीचे पैसे ज्याचे त्याने दिले असते तर यातलं काहीच झालं नसतं.

दुसरा फटका गैरहजेरीचा. मेनू आगाऊ ठरवून सहा जणांचे पैसे भरले आणि ऐन दिवशी एक जोडीदार आजारी पडला, तर ८४० भागिले पाच, माणशी १६८. भागायचं ते आलेल्या माणसांच्या संख्येने, बोलावलेल्यांच्या नव्हे. म्हणून मी तरी बजेट माणशी १२० च्या आसपासच धरायला सांगेन.

मर्यादा एका कार्यक्रमाची नाही, करवर्षाची आहे, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. तुमच्या कंपनीचं हिशोबाचं वर्ष कधी संपतं याचा इथे संबंध नाही. उन्हाळ्यात माणशी ७० ची पार्टी आणि डिसेंबरात १४० ची, अशा दोन वार्षिक पार्ट्या झाल्या तर बेरीज २१० होते. तेव्हा १४० वाली सवलतीत घ्यायची. ७० वाली पूर्ण करपात्र. १५० मधून उरलेले १० पौंड तिला लावता येत नाहीत. छोटा कार्यक्रम माणशी ५० पौंडांच्या आत बसवला तर किरकोळ लाभांच्या वेगळ्या सवलतीचा विचार करता येतो. मात्र तो लाभ रोख नको, करारात लिहिलेला नको आणि कामाचा मोबदला म्हणून नको. तुमच्यासारख्या मोजक्या भागधारकांच्या कंपनीत संचालकाला या सवलतीत वर्षाला एकूण ३०० पौंडांचीच मर्यादा आहे.

आता व्हॅट. कंपनी व्हॅटला नोंदलेली असेल तर कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा व्हॅट परत मिळतो, पाहुण्यांच्या वाट्याचा नाही. ८४० च्या बिलात १४० व्हॅट असेल, तर सहापैकी चौघे कर्मचारी, म्हणून ९३.३३ पौंड मागायचे. तुम्ही संचालक असलात तरी बाकी स्टाफसोबत जेवताय, म्हणून तुमचा वाटा धरता येतो. फक्त संचालकच जेवले असतील तर त्या जेवणावरचा व्हॅट मिळत नाही. फ्लॅट रेट योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरायची योजना) असाल तर हा विषयच संपला, तिथे अशा खर्चावरचा व्हॅट वेगळा मागता येत नाही.

क्लायंटला किंवा सब-कॉन्ट्रॅक्टरला बोलावायचा मोह टाळा. त्यांच्या वाट्याचा खर्च धंद्यासाठीचं आदरातिथ्य ठरतो, म्हणजे कॉर्पोरेशन टॅक्समध्ये वजावट नाही आणि व्हॅटही नाही. टेबलावर स्टाफपेक्षा क्लायंटच जास्त असतील तर ही मुळात स्टाफची पार्टी होती असं म्हणणंच अवघड होतं.

कागदपत्रांत कंजुषी करू नका. कार्डाची पावती पुरत नाही. हॉटेलकडून व्हॅट नंबर असलेलं बिल घ्या, आणि रक्कम २५० पौंडांच्या वर असेल तर कंपनीच्या नावाचं पूर्ण व्हॅट बिल मागा. बिल देतानाच मागा, जानेवारीत फोन करून ते मिळवणं त्रासाचं असतं. त्याच बिलाच्या मागे कोण कोण आलं त्यांची नावं, कर्मचारी की पाहुणा, एकूण खर्च आणि भागाकार लिहून ठेवा. सगळ्यांना पाठवलेला आमंत्रणाचा ईमेल त्याला जोडा. कार्यक्रम सर्वांना खुला होता याचा तोच पुरावा. हे सगळं सहा वर्षं जपायचं. हिशोबात स्टाफ एंटरटेनमेंट आणि बिझनेस एंटरटेनमेंट ही दोन वेगळी खाती ठेवा, कारण पार्टी चुकून दुसऱ्या खात्यात पडली की अकाउंटंट वर्षअखेरीस ती वजावटीतून काढून टाकतो. पैसे स्वतःच्या कार्डाने भरले असतील तर खर्चाचा क्लेम करून कंपनीकडून परत घ्या.

आणि मर्यादा ओलांडलीच, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे लाभ पी११डी फॉर्ममध्ये (कर्मचाऱ्यांना मिळालेले लाभ कळवायचा फॉर्म) ६ जुलैपर्यंत कळवायचा आणि क्लास १ए ऑनलाइन २२ जुलैपर्यंत भरायचा. कर कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर जातो. दुसरी म्हणजे पेई सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट, ज्यात त्यांचा कर कंपनीच भरते. त्यासाठी करवर्ष संपल्यानंतरच्या ५ जुलैपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे यूकेच्या कर खात्याकडे, अर्ज जायला हवा, आणि ऑनलाइन भरणा २२ ऑक्टोबरपर्यंत. कंपनीला हे महाग पडतं, कारण कर्मचाऱ्यांच्या वतीने भरलेला कर हाही लाभच धरून त्यावर पुन्हा आकारणी होते. तरीही तुमच्या दोघा कर्मचाऱ्यांना नाताळच्या जेवणाचं कराचं बिल जाण्यापेक्षा मी हीच वाट धरायला सांगेन.